‘मना’ की ‘तुना’?

(जळगावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

व्याख्यानाचा विषय कळवा म्हणून फोन आला तेव्हा मी सांगितलं, “महिला दुहेरी.” पलीकडे क्षणभर कोणी बोललं नाही. मग विचारणा झाली, “ताई, पत्रिकेत नुसतं ‘महिला टेनिस’ छापलं तर चालेल का? लोकांना पटकन कळेल.” मी म्हटलं, चालणार नाही, दुहेरीच छापा. एकवीस वर्षं मी मुलींना टेनिस शिकवते आहे. आधी धुळ्यात, मग भुसावळला, आता इथे. एवढ्या वर्षांत दुहेरीचं नाव आपणहून कोणी घेतलेलं मला आठवत नाही. मुलगी टेनिस खेळते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, एकेरीत कितवी आली? एकेरीत हरल्यावर उरलेल्या वेळात खेळायचा खेळ म्हणजे दुहेरी, हे आपल्या मनात पक्कं बसलं आहे. त्याविषयी मी आज बोलणार आहे, आणि जरा पोटतिडकीनं बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव सांगत नाही, आयोजकांचं नावही घेत नाही. एका स्पर्धेत माझ्या दोन मुली दुहेरीच्या अंतिम फेरीत पोचल्या. सामना दुपारी चारला होता. एकेरीचे सामने लांबले, प्रमुख पाहुण्यांची गाडी येऊन थांबली, आणि आम्हाला निरोप आला की दुहेरीची फायनल एका टायब्रेकवर, म्हणजे बरोबरी झाल्यावर निकालासाठी खेळतात त्या थोड्या गुणांच्या डावावर, उरकून घेऊ. ‘उरकून’ हाच शब्द होता. मुली बुटांच्या नाड्या बांधून तयार बसल्या होत्या. दहा मिनिटांत सगळं संपलं. माझ्या मुली जिंकल्या, कप मिळाला, पाहुण्यांबरोबर फोटो निघाला. परत येताना जीपमध्ये धाकटी म्हणाली, “मॅडम, जिंकलो आपण, पण खेळलोच नाही.” मला त्यावर बोलता आलं नाही. हाताशी असलेला कप तिनं मांडीवरसुद्धा घेतला नव्हता, पायाशी ठेवला होता.

तेव्हापासून मी ठरवलं की दुहेरीत बघण्यासारखं काय असतं ते जिथे जमेल तिथे सांगत जायचं. कारण ज्यांनी ती फायनल उरकली ते वाईट लोक नव्हते. दिवसभर उन्हात राबत होते बिचारे. त्यांना त्या खेळात काय आहे ते दिसलेलं नव्हतं, एवढंच.

आधी कोर्ट समजून घेऊ. इथे बरीच शेतकरी मंडळी आहेत, तेव्हा फुटांतच सांगते. टेनिसचं कोर्ट 78 फूट लांब. एकेरीसाठी रुंदी 27 फूट, दुहेरीसाठी 36. दोन्ही कडांना साडेचार-साडेचार फुटांचे पट्टे दिसतात ना, ते एकेरीत पडीक जमिनीसारखे असतात आणि दुहेरीत पेरणीखाली येतात. म्हणजे रान एक तृतीयांशाने वाढलं आणि माणसं दुपटीने. साहजिकच मोकळी जागा कमी झाली. एकेरीत मोकळी जागा दिसते आणि तिथे चेंडू मारायचा असतो. दुहेरीत मोकळी जागा आधी तयार करावी लागते.

दुसरी गोष्ट नेटची. टीव्हीवर नेट सरळ दिसतं, पण ते सरळ नसतं. मधोमध 3 फूट आणि खांबांपाशी साडेतीन. मध्ये एक पांढरी पट्टी त्याला खाली ओढून धरते. त्या सहा इंचांवर दुहेरीचा निम्मा खेळ उभा आहे. तिरका मारलेला चेंडू नेटच्या ठेंगण्या भागावरून जातो आणि त्याला पडायला लांबचं अंतर मिळतं. सरळ रेषेत मारला तर नेट उंच आणि अंतर कमी. म्हणून दुहेरीत दोघी मागच्या रेषेवरून एकमेकींशी तिरक्या खेळत असतात. आणि त्या तिरक्या वाटेच्या कडेला, नेटपाशी, प्रत्येकीची जोडीदारीण उभी असते.

माझं आजचं सगळं व्याख्यान तिच्याविषयी आहे. चेंडू जिच्याकडे नाही, तिच्याविषयी.

2025 च्या फेब्रुवारीत भुसावळच्या दोन मुलींना घेऊन मी मुंबईला गेले. रात्रीच्या गाडीनं निघालो, सकाळी उतरून चर्चगेटला पोचलो. तिथे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर मुंबई ओपन चालू होती. महिलांच्या व्यावसायिक टेनिसचा कारभार पाहणारी डब्ल्यूटीए ही संघटना आहे, तिच्या 125 श्रेणीची ही स्पर्धा. श्रेणीच्या मानानं लहान म्हणायची. ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, दुहेरीत 64 जोड्या असतात, इथे 16. पण लहान म्हणून सोडून देण्यासारखी नाही. 2017 मध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा बेलारूसची एकोणीस वर्षांची अरीना सबालेंका इथे एकेरी जिंकून गेली. पुढे ती जगात पहिली झाली, दुहेरीत आधी आणि एकेरीत नंतर. त्या अंतिम सामन्यात तिच्याकडून हरली होती स्लोव्हेनियाची दालिला याकुपोविच. मध्ये काही वर्षं स्पर्धा झाली नाही. 2024 मध्ये पुन्हा भरली, तेव्हा हीच याकुपोविच सब्रिना सांतामारियाबरोबर दुहेरीचा कप घेऊन गेली. मला या दोन वर्षांची जोडी फार आवडते. सबालेंकाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. याकुपोविच मात्र सात वर्षांनी त्याच गावात परत आली आणि कप घेऊन गेली, हे आमच्या मुलींना मी मुद्दाम सांगते.

तर मुख्य कोर्टावर एकेरीचा सामना होता आणि तिथे गर्दी होती. आम्ही कडेच्या कोर्टावर गेलो, अगदी जाळीला गुडघे लागतील असे बसलो. दुहेरीचा सामना, दोन्ही जोड्या परदेशी. नेटपाशी एक उंच मुलगी कमरेत वाकून उभी. उजव्या हातात रॅकेट, डावा हात पाठीमागे कमरेवर. करंगळीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिनं आधी एक बोट खाली केलं, मग मूठ वळली. मागून जोडीदारणीनं हलकेच हुंकार दिला आणि सर्व्हिस केली. माझी एक मुलगी कुजबुजली, “मॅडम, ती पाठीमागे काय करते?” मी म्हटलं, बघत राहा.

ते बोट सांगत होतं सर्व्हिस कुठे टाकायची. मूठ म्हणजे मी जागची हलणार नाही. पुढच्या गुणाला बोट दाखवून झाल्यावर पंजा उघडला. म्हणजे मी तिरकी धावत जाऊन चेंडू अडवणार, तू माझी रिकामी झालेली बाजू सांभाळ. प्रत्येक जोडीच्या खुणा वेगळ्या असतात. काही जणी तर दर गुणाआधी जवळ येऊन, तोंडावर चेंडू धरून बोलून घेतात, म्हणजे समोरच्यांना ओठ वाचता येऊ नयेत.

आता त्या गेममध्ये काय झालं ते सांगते. चार गुणांत गेम संपला. त्या उंच मुलीनं चारांत एकदाच चेंडूला रॅकेट लावली. बाकी तीन गुण समोरच्यांनी चुकून घालवले. एक रिटर्न, म्हणजे सर्व्हिसला परत मारलेला चेंडू, कडेच्या पट्ट्याबाहेर गेला, एक नेटमध्ये अडकला, एक फारच उंच होऊन मागे पडला. कागदावर याचा हिशेब समोरच्यांच्या तीन चुका असा होतो. पण आम्ही जाळीला लागून बसलो होतो म्हणून दिसलं, की तिन्ही वेळा रिटर्न घेणारीची नजर शेवटच्या क्षणी चेंडूवरून उडून हिच्याकडे गेली. ही हलेल का? आत्ता हलली का? एकदा तर हिनं फक्त खांदा पुढे टाकला, पाऊलही उचललं नाही. तेवढ्यानं समोरचीनं चेंडू कडेला ओढला आणि तो बाहेर गेला.

हे काम आकडेवारीत कुठेही येत नाही. आपल्या घरांत असं काम कोण करतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मला तिथे बसल्या बसल्या आमच्या घरचे मांडे आठवले. खापरावरचे मांडे आपल्याकडे कोणाला नवे नाहीत, पण ते होताना जवळून बघितलेत का? आई पुरण भरलेला गोळा हातावर घ्यायची आणि दोन्ही हातांवर फिरवत फिरवत तो मोठा करायची. बघता बघता कोपरापर्यंत पसरायचा, इतका पातळ की खालचा हात दिसायचा. मग एका झटक्यात खापरावर. आलेले पाहुणे आईच्या हातांकडे बघत राहायचे. चुलीशी काकू असायची. तिच्याकडे कोणी बघत नसे. पण मांडा आईच्या मनगटापाशी असतानाच काकू एक लाकूड पुढे सारायची किंवा मागे ओढायची. खापर फार तापलं तर मांडा करपतो, कमी तापलं तर चिकटतो. मांडा हातावर आला की आईला थांबता येत नसे, म्हणून खापर तिच्या वेळेला तयार पाहिजे. दोघी एकमेकींशी अक्षर बोलत नसत. काकूचं सगळं लक्ष आईच्या हातांकडे आणि हात चुलीत. एका वर्षी काकू माहेरी गेली होती, दुसरं कोणी चुलीशी बसलं. त्या दिवशी पहिले सहा मांडे फाटले. आईचे हात तेच होते.

मुंबईत नेटपाशी वाकलेल्या त्या मुलीत मला काकू दिसली. हे मी तिथे मुलींना सांगितलं तर त्या हसल्या. पण पुढच्या दोन सेटमध्ये त्यांनी चेंडूकडे बघणं सोडलं आणि तिच्याकडेच बघत बसल्या. मला तेवढंच हवं होतं.

थोडा इतिहास सांगते, फार लांबवत नाही. विम्बल्डनमध्ये महिला दुहेरीचा अधिकृत किताब 1913 पासून आहे. आपल्याकडच्या लीला राव या विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, ते साल 1934. त्यांच्या आई क्षमाबाई राव म्हणजे संस्कृतात लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव, आणि त्या स्वतःही उत्तम टेनिस खेळायच्या. नव्वद वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका घरात मायलेकी टेनिस खेळत होत्या, हे आपल्याला फारसं कोणी सांगत नाही.

आणि मग येतात मार्टिना नवरातिलोवा आणि पॅम श्रायव्हर. 1983 ते 1985 या काळात या दोघी लागोपाठ 109 सामने जिंकल्या. 1984 मध्ये चारही ग्रँड स्लॅम एकाच वर्षात. दोघींनी मिळून 20 ग्रँड स्लॅम जिंकल्या. नवरातिलोवा डावखुरी, श्रायव्हर उजवी. जोडी जुळवताना ही गोष्ट मोलाची असते. दोघींची सर्व्हिस वेगवेगळ्या बाजूंनी वळते, म्हणून समोरच्यांचा हात बसत नाही. शिवाय दोघींचे फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूचे फटके, कुठल्या बाजूला ठेवायचे, मधोमध की कडांना, ते हवं तसं ठरवता येतं. 110वा सामना हरल्या तो 1985 च्या विम्बल्डनच्या अंतिम फेरीत, कॅथी जॉर्डन आणि लिझ स्मायली यांच्याकडून. मला त्या हरण्याचंही कौतुक वाटतं. 109 सामने कुणी जिंकत आलं असेल आणि समोर उभं राहायचं असेल, तर जॉर्डन आणि स्मायली यांनी त्या सकाळी एकमेकींना काय सांगितलं असेल?

व्हीनस आणि सेरेना या विल्यम्स बहिणींची गोष्ट वेगळी. ग्रँड स्लॅमच्या महिला दुहेरीत 14 वेळा अंतिम फेरी गाठली आणि 14 वेळा जिंकल्या. एकदाही हरल्या नाहीत. त्यावर मी काही बोलत नाही, आकडाच पुरे आहे.

नवरातिलोवाच्या नावावरून एका आईनं आपल्या मुलीचं नाव मार्टिना ठेवलं. ती मार्टिना हिंगिस. आणि हिंगिसची जोडी जमली आपल्या सानिया मिर्झाशी. म्हणजे नवरातिलोवापासून निघालेली दोरी हैदराबादपर्यंत येते.

सानियाचं दुहेरीतलं पहिलं डब्ल्यूटीए विजेतेपदही हैदराबादचंच, 2004 चं, लिझेल ह्यूबरबरोबर. एकेरीत ती जगात 27 व्या क्रमांकापर्यंत पोचली, आजवर कुठल्याही भारतीय मुलीला तेवढं जमलेलं नाही. मग मनगट, गुडघे, शस्त्रक्रिया. 2013 मध्ये तिनं एकेरी सोडली आणि दुहेरीत सगळा जीव ओतला. तेव्हा लोक काय बोलले ते मला आठवतं. “आता काय, दुहेरी खेळणार.” म्हणजे उतारवयातली सोय. पुढच्या दोन वर्षांत, एप्रिल 2015 मध्ये, ती दुहेरीत जगात पहिली झाली. पहिली भारतीय महिला.

तिच्या फोरहँडमध्ये फार ताकद होती. मागच्या रेषेवरून मारलेला तिचा रिटर्न समोरच्यांना नेटपाशी टिकू देत नसे. हिंगिसकडे तशी ताकद नव्हती, पण समोरची काय करणार ते तिला आधीच कळायचं, आणि नेटपाशी तिचे हात विलक्षण चपळ होते. सानियाच्या दणक्यानं समोरून अर्धामुर्धा चेंडू यायचा आणि हिंगिस तो शांतपणे रिकाम्या जागी ठेवून द्यायची. 2015 च्या मार्चमध्ये दोघी एकत्र आल्या आणि पहिल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. पुढे लागोपाठ 41 सामने जिंकण्याचा पल्लाही त्यांनी गाठला.

पण मला सांगायची आहे ती 11 जुलै 2015 ची रात्र. विम्बल्डनची अंतिम फेरी, समोर रशियाच्या माकारोवा आणि वेस्निना. आपल्याकडे मध्यरात्र होत आली होती. घरात मी आणि आई दोघीच जाग्या. पहिला सेट 5-7 असा गेला. दुसरा टायब्रेकवर कसाबसा मिळाला. तिसऱ्यात 2-5. एक गेम गेला की संपलं. आई कॉटवर पडून होती, तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, दर थोड्या वेळानं अहिराणीत विचारायची, “काय व्हयनं व माय?” मी सांगायची, मागे आहेत. 3-5. काय व्हयनं? 4-5. काय व्हयनं? 5-5. आणि तिथे खेळ थांबला. तिकडे उजेड गेला होता, सेंटर कोर्टचं छप्पर ओढून घ्यायचं ठरलं.

त्या थांबलेल्या वेळात मला वाटलं, आता लय तुटली. 2-5 वरून ओढून आणलेला गाडा मधेच थांबवला की पुन्हा हलवणं अवघड. पण त्या दोघी परत आल्या त्या बोलत बोलत आल्या. काय बोलत होत्या कोण जाणे. छपराखाली फार वेळ लागला नाही, 7-5. महिला दुहेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारी पहिली भारतीय महिला. आईला सांगितलं तर ती उठून बसली आणि म्हणाली, “दोन्ही जनीस्ले सांग, झोपा आते.” जणू त्या शेजारच्या खोलीत होत्या.

आता पैशाची गोष्ट, कारण ती टाळून चालणार नाही. त्या वर्षी विम्बल्डनच्या एकेरीच्या विजेतीला 18 लाख 80 हजार पौंड मिळाले. दुहेरीच्या जोडीला 3 लाख 40 हजार, तेही दोघींत मिळून. म्हणजे सानियाच्या वाट्याला एकेरीच्या विजेतीच्या जवळपास अकरावा हिस्सा. बिली जीन किंग आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये डब्ल्यूटीए उभी केली, त्याच वर्षी अमेरिकन ओपननं पुरुष आणि महिलांना सारखं बक्षीस द्यायला सुरुवात केली. विम्बल्डनला त्यासाठी 2007 उजाडलं. ती लढाई मोठी होती आणि ती जिंकली गेली. पण एकेरी आणि दुहेरी यांच्यातली दरी तशीच राहिली. दुहेरीच्या ड्रॉमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या जोड्यांच्या यादीत, शिरण्यासाठी एकेरीची क्रमवारीही चालते, त्यामुळे वर्षभर दुहेरीच खेळणाऱ्या जोड्यांना कधी कधी दारात थांबावं लागतं. मुंबईत सकाळी आम्ही शिरलो तेव्हा मला नोंदणीच्या टेबलापाशी दोन मुली दिसल्या. खांद्याला रॅकेटची बॅग, हातात पाण्याची बाटली. कोणी माघार घेतली तर यांना जागा. अशा जोड्या दिवसचे दिवस बसतात. माझ्या मते हा अन्याय आहे. जिनं दुहेरी हाच आपला खेळ मानला, तिला आधी आत घेतलं पाहिजे.

एवढं असूनही मी आपल्या मुलींना दुहेरीकडे का ढकलते? कोणी विचारलं मला परवा. त्याचं उत्तर मी नेहमी बार्शीचं देते. सोलापूर जिल्ह्यातली बार्शी, भगवंताची बार्शी. तिथली प्रार्थना ठोंबरे. 2014 मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर महिला दुहेरीचं कांस्यपदक तिनं मिळवलं, वय वीस. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला त्याच दोघी भारताकडून उतरल्या. पहिल्याच फेरीत चीनच्या पेंग श्वाई आणि झांग श्वाई यांच्याकडून हरल्या, पण तिसऱ्या सेटच्या 7-5 पर्यंत झुंजून. आणि श्रीरामपूरची ऋतुजा भोसले. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. पहिला सेट 2-6 हरून, दुसरा 6-3 घेऊन, मग दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये 10-4. बार्शी काय, श्रीरामपूर काय, आपल्या अमळनेर-चाळीसगावसारखीच गावं. बाजारपेठ, स्टेशन, साखर नाहीतर डाळ. तिथून मुली आशियाई पदकापर्यंत गेल्या त्या दुहेरीच्या वाटेनं.

दुसरं कारण अगदी साधं आहे. आपल्याकडे कोर्टं किती? जी आहेत त्यातली किती दुरुस्त? मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी तासभर, एवढाच खेळ. त्या दोन तासांत एकेरी खेळवली तर एका कोर्टावर दोघी खेळतात आणि सहा जणी कट्ट्यावर बसतात. दुहेरी खेळवली की चौघी. हा हिशेब मी पालकांना सांगते तेव्हा ते ऐकून घेतात, पण डोळ्यांत एकच शंका असते, आमची मुलगी दुसरीवर अवलंबून राहिली तर? मी म्हणते, राहू द्या. तिच्यावरही कोणी तरी अवलंबून राहील.

माझी एक विनंती मात्र आहे, आणि इथे शाळांचे क्रीडाशिक्षक बसले आहेत म्हणून हात जोडून करते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी यादीत उरलेल्या दोन नावांची जोडी लावू नका. चेकच्या क्रेचिकोवा आणि सिनियाकोव्हा बघा. ज्युनिअर होत्या तेव्हापासून एकत्र. 2013 मध्ये मुलींच्या दुहेरीत तीन ग्रँड स्लॅम जिंकल्या, मग मोठ्यांच्या चारही जिंकल्या, टोकियोत ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं. मध्ये कधी दुरावल्या, पुन्हा एकत्र आल्या. जोडी जमायला वर्षं लागतात. आणि जमलेली जोडी एका पराभवानंतर मोडू नका.

भुसावळच्या माझ्या त्या दोघींची जोडी जमायला दीड वर्ष गेलं. सुरुवातीला चेंडू मधोमध आला की दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि चेंडू मधून निघून जायचा. मी त्यांना शिकवलं, ओरडून सांगा, “माइन”, “यूअर्स”. सरावात छान चालायचं. सामन्यात घसा कोरडा पडला की शब्दच फुटायचे नाहीत. एके दिवशी असाच एक उंच चेंडू आला, उन्हात कोणाला दिसेना, आणि थोरली जिवाच्या आकांतानं ओरडली, “मना!” आपल्या अहिराणीतलं ‘मना’, म्हणजे माझा. धाकटी जागच्या जागी थांबली. थोरलीनं चेंडू मारला आणि गुण मिळाला. त्या दिवसापासून कोर्टावर इंग्रजी बंद झालं. आता त्या ‘मना’, ‘तुना’ म्हणजे तुझा, आणि ‘मांगे’ म्हणजे मागे, एवढ्या तीन शब्दांवर खेळतात. पुण्याकडच्या मुली समोर असल्या की त्यांना वाटतं ह्या काहीतरी गुप्त खुणा करतायत. घरात ज्या भाषेत ताट मागतो त्या भाषेत चेंडू मागायला वेळ लागत नाही, एवढं मला त्यातून कळलं.

शेवटी एक नियम सांगते आणि थांबते, कारण परवाची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. व्यावसायिक दौऱ्यावर ग्रँड स्लॅम सोडून बाकी स्पर्धांमध्ये दुहेरीला ड्यूसनंतरचं, म्हणजे 40-40 अशा बरोबरीनंतरचं, लांबण नसतं. 40-40 झालं की एकच निर्णायक गुण. तो गुण उजवीकडून घ्यायचा की डावीकडून, हे रिटर्न घेणाऱ्या जोडीनं ठरवायचं असतं. म्हणजे दोघींपैकी कोण तो चेंडू घेणार, ते दोघींनी मिळून पाच सेकंदांत ठरवायचं. तिसरा सेटही नसतो, त्याऐवजी दहा गुणांचा टायब्रेक.

मागच्या महिन्यात नाशिकला एका स्पर्धेत हाच नियम होता. दुसऱ्या सेटमध्ये 40-40. थोरली म्हणाली, “मना,” आणि उजवीकडून रिटर्न घेतला. नेटमध्ये गेला. सेट गेला. मग टायब्रेक 8-10 असा हरल्या. परतीच्या बसमध्ये चांदवडपर्यंत दोघी गप्प. चांदवड सुटलं आणि धाकटीनं तोंड उघडलं. तिच्या मते समोरची सर्व्हिस डावीकडे हळू येत होती, म्हणून तो गुण तिनं घ्यायला हवा होता. थोरली म्हणाली, तेव्हा का बोलली नाहीस? धाकटी म्हणाली, तू आधी बोललीस. मालेगाव आलं तरी चालूच. झोडगे आलं तेव्हा दोघी माझ्याकडे वळल्या, “मॅडम, तुम्ही सांगा. कोणाचा होता तो?”

मी काही सांगितलं नाही. धुळ्याला बस चहासाठी थांबली. मी उतरून परत आले तर दोघींचे कप हातात तसेच होते आणि मांडीवर वही उघडी. पेनानं कोर्ट काढलेलं, मधोमध उभी रेघ, आणि रेघेच्या एका बाजूला बारीक अक्षरात ‘म’, दुसऱ्या बाजूला ‘तु’. धाकटी ती अक्षरं खोडून बाजू बदलून पुन्हा लिहीत होती, आणि थोरली तिला म्हणत होती, थांब, आधी तिची सर्व्हिस कुठून येते ते काढ.